वासंतीचे पाच टक्के

वासंती आमच्या घरी आली की आधी जमीन बघते. चपला दाराबाहेर काढायच्या, पदर खोचायचा आणि आत पाऊल टाकता टाकता नजर फरशीवरून फिरवायची. मी साडीला फॉल लावत बसलेले असले तर एखादी टाचणी खाली पडलेली असतेच. ती उचलून माझ्या हातात दिल्याशिवाय वासंती बसत नाही. ही सवय तिला गारमेंटमध्ये लागली. म्हैसूर रोडवरच्या एका कपड्यांच्या कारखान्यात ती एकोणीस वर्षं शिवणकाम करते. तिथे मशीनची सुई तुटली की अख्खी लाइन थांबते. सुईचे सगळे तुकडे शोधायचे, कागदावर जुळवून चिकटवायचे, सुपरवायझरला दाखवायचे, मगच पुढचं काम. परदेशातल्या कुठल्या तान्ह्या पोराच्या झबल्यात तुकडा गेला तर काय, ही धास्ती. त्यामुळे जमिनीवर काही चमकलं की तिचा हात आपोआप खाली जातो. लग्नाच्या हॉलमध्ये, पंगतीत बसायच्या आधी, तिला मी नवरीच्या साडीतून पडलेली पिन उचलताना पाहिलं आहे.

हे सगळं त्या हाताबद्दलच आहे. खरं म्हणजे त्या हाताच्या एका बोटाबद्दल, आणि त्या बोटापायी तिने दीड वर्ष जी जळफळ केली तिच्याबद्दल.

आमची गल्ली चामराजपेटेतली. वासंतीच्या सासरचे लोक इथे, कन्नड मुलुखात, साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर आले असं ते सांगतात. घरात मराठीच बोलतात, पण थोडंला 'स्वल्प' आणि ठीकला 'सरी' म्हणतात, आणि हे मराठी शब्द नव्हेत असं कुणी म्हटलं तर वासंती भांडायला उठेल. नवरा बसवंत चिकपेटेत साड्यांच्या घाऊक दुकानात आहे. दिवसभर गादीवर बसून साड्या उलगडतो आणि घरी आल्यावर तोंड उलगडतो. दोन घरं सोडून कमला राहते. ती वासंतीपेक्षा वर्षाने मोठी, म्हणून कमलक्का. दोघी एकाच दिवशी कारखान्यात लागल्या. एकोणीस वर्षं एकाच बसने, एकाच बाकावर बसून गेल्या. खिडकी मात्र कमलक्काची, कारण ती मोठी. वासंतीने हे मला सांगितलं तेव्हा ते सहज सांगितल्यासारखं सांगितलं, पण सांगितलं तीन वेळा.

कमलक्का कॉलर लावायची. कॉलर म्हणजे शर्टाचं तोंड, ते काम लाइनीतल्या पहिल्या नंबरच्या बाईला मिळतं. वासंती बाही लावायची. बाही लावणंही सोपं नाही, पण बाहीकडे कोण बघतो?

दोन वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात, प्रेसबटणं ठोकायच्या मशीनवरची बाई आली नाही, म्हणून कमलक्काला तिथे बसवलं. त्या मशीनच्या तोंडाशी बोटं आत जाऊ नयेत म्हणून एक जाळी असते. जाळी असली की हात हळू चालतो, माल कमी निघतो, म्हणून ती काढून ठेवलेली होती. दुपारी चहाच्या आधी कमलक्काच्या उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट मशीनखाली सापडलं. टोकाचं हाड चिरडलं, नख गेलं, मधला सांधा दुखावला.

वासंतीने तिचं केलं तेही सांगायला हवं. तिला दवाखान्यात पोचवलं वासंतीने. पंधरा दिवस दोन्ही वेळचा डबा वासंतीच्या घरून गेला. वेणी घालायला वासंती. त्या दिवसांत तिच्या मनात काही वाकडं होतं असं मी म्हणणार नाही. वाकडं आलं ते संक्रांतीला.

तोवर कमलक्काचं बोट भरून आलं होतं, पण वाकत नव्हतं. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता, तो तिला सोसला नाही. बोट काठीसारखं सरळ राहिलं. कुणाला नमस्कार केला तरी एक बोट वेगळं, कुणाला पाणी दिलं तरी एक बोट समोरच्यावर रोखलेलं. आमच्याकडे हळदीकुंकवाला बायका जमल्या, एळ्ळु-बेल्ल, म्हणजे इथला तीळगूळ, वाटलं, आणि सगळ्या जणी त्या बोटाभोवती गोळा झाल्या. रात्री ठणकतं का, भांडी कशी घासतेस, कारखान्याने काय केलं. कारखान्याने तिला तपासणीच्या टेबलावर बसवलं होतं, पंख्याखाली, खिडकीशी. शर्ट उलटासुलटा करून बघायचा आणि चुकीवर लाल स्टिकर लावायचं. वासंती कोपऱ्यात तिळाची वाटी धरून उभी होती. कुणीतरी तिला विचारलं, तूही त्याच कारखान्यात ना गं? तिने 'हो' म्हटलं, तेवढ्यावर त्या बाईने पुन्हा तोंड कमलक्काकडे वळवलं.

नंतर भांडी विसळताना वासंती मला म्हणाली, "सुनंदक्का, आता बसमध्येही खिडकी तिची, कारखान्यातही खिडकी तिची."

शिवरात्रीच्या तोंडावर त्याच मशीनवर वासंतीला बसवलं. कमलक्काच्या अपघातानंतर जाळी परत लावली होती, ती पंधरा दिवस टिकली. वासंतीचंही उजवंच बोट, अंगठ्याशेजारचंच. दुखण्याच्या आधी क्षणभर सगळं बधिर होतं, त्या क्षणात आपल्या मनात काय आलं ते तिने मला बऱ्याच महिन्यांनी सांगितलं. तिच्या मनात आलं: तेच बोट. आता बरोबरी झाली.

बरोबरी झाली नाही. कारण वासंतीला हाती घेतलेलं काम नीट केल्याशिवाय राहवत नाही. ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, दवाखान्यात व्यायाम शिकवणारी सुप्रीता नावाची मुलगी होती. तिने कोमट मेणात बोट बुडवायला सांगितलं, तेवढ्या वेळ बुडवलं. स्पंजाचा चेंडू दाबायला सांगितला, बसमध्ये दाबला. ताटलीत राजम्याचे दाणे ओतून एकेक चिमटीने उचलून डब्यात टाकायचे. पहिल्या आठवड्यात एकही दाणा येईना, तेव्हा ती दाराशी बसून ओठ चावत चिमटी धरत राहायची. घाम यायचा, डोळ्यांत पाणी यायचं, पण रडली नाही. सहा महिन्यांत बोट तळहाताला टेकायला बोटभर अंतर राहिलं. सुप्रीताने तिच्या कागदावर इंग्रजीत लिहिलं की प्रगती अतिशय उत्तम. वासंतीने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि कागद देवघरात ठेवला.

मग मेडिकल बोर्ड झालं. तिथे डॉक्टर बघतात आणि कामगाराची कमावण्याची ताकद कायमची किती टक्के गेली ते ठरवतात. त्या आकड्यावर जन्मभराचा भत्ता ठरतो. कमलक्काचा आकडा आधीच आला होता. आठ. वासंतीचं पत्र आलं ते घेऊन ती माझ्याकडे आली. पत्र कन्नड आणि इंग्रजीत. मी वाचून सांगितलं, पाच.

"स्वल्प नीट बघा," ती म्हणाली.

मी नीट बघितलं. पाचच होते.

मग ती एकेक बोलायला लागली. कमलक्काचं नख परत आलं, आपलं आलं नाही. गार पाण्यात हात घातला की आपल्याला कोपरापर्यंत कळ जाते, तिला फक्त बोटात जाते. मशीन तेच, बोट तेच, जाळी काढणारा माणूसही तोच. मग तीन टक्के गेले कुठे? कमलक्का बोर्डासमोर रडली होती, ते डॉक्टरांनी धरलं असणार. मी तिला समजावलं की सांधा किती वाकतो ते मोजतात, तिचा वाकत नाही म्हणून तिला जास्त. तर ती म्हणाली, म्हणजे मी दाणे उचलले म्हणून कमी? खरं ते तेच होतं. देवघरातला कागद तिने त्याच संध्याकाळी काढून माझ्याकडे आणून दिला, तुमच्याकडेच असू द्या म्हणून.

वाईट त्याहून पुढे होतं. बोट वाकतं म्हणून तिला पुन्हा लाइनीत, बाहीच्या मशीनवर बसवलं. पंख्याखाली कमलक्का. वासंतीच्या शिवलेल्या बाह्या तपासायला कमलक्कासमोर जायच्या. एकदा एक बाही लाल स्टिकर लागून परत आली. वासंती सांगत होती, तिने ते लावलं तेही त्या बोटाने नाही, दुसऱ्या बोटाने. आणि ते सरळ बोट माझ्याकडे रोखून.

कमलक्काने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. ती समजूत घालायची. बसमध्ये खिडकीशी बसून म्हणायची, तुझं नशीब चांगलं गं, वाकतं तरी, माझं बघ लाकूड झालंय. वासंतीला ते लाकूडच हवं होतं. घरी बसवंतची वेगळी तऱ्हा. जेवताना विचारायचा, काय पाच टक्केवाल्या, आमटी वाढता का? एकदा म्हणाला, आठ टक्केवाल्या बाई देवळात भेटल्या होत्या, फार नम्र आहेत. तिने ताटली अशी आपटली की शेजारी ऐकू आलं.

अपिलाची सोय असते. वरच्या डॉक्टरांपुढे पुन्हा तपासणी होते. अर्ज मी भरून दिला. मनातून वाटत होतं की आकडा हलणार नाही, पण तिचं समाधान होईल. तारीख तीन महिन्यांनंतरची मिळाली.

त्या तीन महिन्यांत एक दिवस मी तिच्याकडे वाटी परत द्यायला गेले, तर राजम्याचा डबा रिकामा. दाणे भिजत घातलेले होते, उसळीसाठी. पुढच्या आठवड्यात ती माझ्याकडे आली तेव्हा उजवा हात पदराखाली. चहाचा कप डाव्या हाताने घेतला. पदर सरकला तेव्हा दिसलं: बोटाला खालून आइस्क्रीमची लाकडी काडी लावून वरून चिंधी गुंडाळलेली. सुटीच्या दिवशी दिवसभर बांधून ठेवायची. सांधा आखडावा म्हणून.

मला फार राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली. मी म्हटलं, वासंती, एकदा आखडलं तर पुन्हा यायचं नाही.

ती खाली बघून म्हणाली, "कमलक्काला कुणी विचारतं का, का वाकत नाही म्हणून? मलाच सगळे विचारतात. वाकतं ना, मग झालं तर."

मी उठून काडी सोडवली. तिने सोडवू दिली. घरी जाऊन तिने पुन्हा बांधली असणार, कारण तारखेच्या दिवशी बसमध्ये मी बघितलं तर बोट खरोखरच जडावलेलं होतं. आणि तिच्या चेहऱ्यावर, काय सांगू, परीक्षेचा अभ्यास पुरा झालेल्या मुलीसारखी शांतता होती.

खोलीत टेबलामागे तिघे जण होते. मधले डॉक्टर वयस्क, मृदू बोलणारे. मला कागद धरायला म्हणून दाराजवळच्या बाकावर बसू दिलं. बोट वाकवायला सांगितलं, अर्ध्यावर थांबलं. दुखतं का विचारलं, हो म्हणाली, आणि ते नाटक नव्हतं. टेबलावरचं नाणं उचलायला सांगितलं, दोनदा निसटलं. शर्टाचं बटण लावायला दिलं, तर जी बाई दिवसाला शेकडो शर्टांना बाह्या लावते तिला एका बटणाला एवढा वेळ लागला की शेजारच्या डॉक्टरांनी मान हलवून काहीतरी लिहिलं. मी मनात म्हटलं, हिला मिळणार. आठ नाही तर सात तरी.

तपासणी संपली. कारकुनाने फाइल बंद करायला घेतली, कागदांना लावलेली टाचणी निसटली आणि फरशीवर पडली. एवढीशी टाचणी, पण खोलीत तिचा आवाज झाला. वासंतीच्या डाव्या हातात पिशवी होती. ती वाकली, उजव्या हाताने, त्याच बोटाने आणि अंगठ्याने, गुळगुळीत फरशीवरून टाचणी पहिल्या झटक्यात उचलली आणि मधल्या डॉक्टरांच्या समोर ठेवली.

"सर, पिन्नु," ती म्हणाली. सुपरवायझरला सुईचा तुकडा देतात त्या आवाजात.

मग तिच्या लक्षात आलं. तिने हाताकडे बघितलं, हात पदराखाली घ्यायला गेली आणि अर्ध्यावर सोडून दिला. मधल्या डॉक्टरांनी कन्नडमध्ये विचारलं, गारमेंटमध्ये का, अम्मा? ती हो म्हणाली. माझी बहीणही होती, ते म्हणाले, आणि बाजूच्या डॉक्टरांकडे न बघता पेनाला टोपण लावलं.

परतीच्या बसमध्ये खिडकी मिळाली होती तरी तिने बाहेर बघितलं नाही. पाहुण्यांसमोर खरं बोलून गेलेल्या पोराकडे आई बघते, तशी ती त्या बोटाकडे बघत होती. चामराजपेट आल्यावर एवढंच म्हणाली की दोन महिने बांधून ठेवलं, मेल्याला काही फरक नाही.

पत्र आलं. पाच टक्के कायम.

त्या रविवारी सकाळी मी वासंतीच्या उंबऱ्याशी मेथी निवडायला बसले होते, तेव्हा कमलक्का आली. तिला कळलंच होतं, गल्लीत काय कळत नाही. वासंतीने मान वर केली नाही. आता समजूत घालणार, आता नशिबाचं बोलणार, म्हणून मीही जीव मुठीत धरून बसले. कमलक्का पायरीवर टेकली, आपल्या ब्लाउजची पिन काढली आणि फरशीवर टाकली.

"टाचणी उचललीस म्हणे. दाखव कशी."

वासंतीला वाटलं थट्टा आहे. रागाने तिने पिन उचलून फरशीवर परत आपटली. मग कमलक्का वाकली. ते सरळ बोट पिनेवर टेकवलं, अंगठा आणला, पिन सरकली. पुन्हा टेकवलं, पुन्हा सरकली. तिसऱ्यांदा तिने नखाने ओढून पायरीच्या कडेपर्यंत नेली आणि तिथून पाडली. पडली ती माझ्या मेथीत.

"कॉलर लावायची मी," ती म्हणाली. "साहेब लोक परदेशातून यायचे तर माझ्या हातचा नमुना दाखवायचे. आता दिवसभर तुझ्या बाह्या बघते. कशी सफाईदार लावतेस गं, बघवत नाही. ते स्टिकर लावलं होतं ना, त्या बाहीत चूक नव्हतीच." मग म्हणाली, "माझे आठ घे. तुझे पाच आहेतच, तेरा होतील. बोट मला दे."

मी मेथीत पिन शोधायच्या निमित्ताने खाली बघत राहिले. पण वासंतीचा चेहरा मला दिसलाच, आणि जे दिसलं ते लिहायला हवं. तिला आधी कणव आली नाही. आधी आला तो आनंद. दीड वर्षात प्रथमच, बहुधा एकोणीस वर्षांत प्रथमच, कमलक्काजवळ नसलेलं काही तिच्याजवळ होतं, आणि कमलक्का त्यासाठी जळत होती. वासंतीने तो आनंद दोन श्वास चांगला भोगला. मग त्याची तिलाच लाज वाटली असावी. उठून आत गेली.

बाहेर आली ती राजम्याची नवी पिशवी आणि ताटली घेऊन. कमलक्कासमोर दाणे ओतले. म्हणाली, दहा सकाळी, दहा संध्याकाळी, मेण मी कढवून देते, आणि रडायचं नाही. कमलक्का म्हणाली, आता वर्ष उलटून गेलं, आता काय वाकणार. त्यावर वासंती कंबरेवर हात ठेवून हुबेहूब सुपरवायझरसारखी उभी राहिली. "सरी, मग बस लाकूड घेऊन," म्हणाली. कमलक्काने पहिला दाणा धरायला बोट पुढे केलं.

तेव्हापासून रोज कामावरून आल्यावर दोघी त्या पायरीवर असतात. एकीची बोटं मेणात, दुसरीचं तोंड चालू. कमलक्काचं बोट किंचित वाकायला लागलं आहे. फार नाही, सांध्याला विसर पडला होता तो थोडा आठवल्यासारखा. बसवंत येता-जाता म्हणतो, फार वाकवू नका हो वहिनी, बोर्ड दोन टक्के परत मागेल. दोघी मिळून त्याला पिटाळतात.

परवा संध्याकाळी वासंती माझ्याकडे आली. नेहमीप्रमाणे जमीन बघितली, टाचणी नव्हती. बसली, पण तिचं लक्ष नव्हतं. मी विचारलं, कमलक्काचं कसं चाललंय?

"आज सहा दाणे उचलले," ती म्हणाली. "अकरावा दिवस आज." थोडा वेळ ती आपलं बोट मिटत-उघडत राहिली. मग म्हणाली, "माझे अकराव्या दिवशी चारच झाले होते, सुनंदक्का. मला पक्कं आठवतंय."